म्हाताऱ्यांची उंची मोजणारा माणूस

आमच्या बिबवेवाडीच्या घरमालकांचा मला आजही राग येतो. ते जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांचं घर पाडून तिथे सहा मजली इमारत उभी राहिली, तरी येतो. सकाळी फिरायला निघालो आणि एखादी म्हातारी कठडा धरून एकेक पायरी उतरताना दिसली, की हे गृहस्थ माझ्या डोक्यात येऊन उभे राहतात आणि त्यांच्या कोरड्या आवाजात विचारतात, "काय बीएस्सी, बघताय ना?" मी मान फिरवतो आणि चालायला लागतो.

बीएस्सी म्हणजे मी. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालो आणि सरकारी कचेरीत जावक बारनिशीला चिकटलो, हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही. तेही 'अहो' लावून. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

पहिली भेट अशी. वडील वारले, धाकट्या भावाने लोणी काळभोरची शेती सांभाळायला घेतली, आणि मी आईला पुण्याला आणायचं ठरवलं. आधीची खोली लहान होती म्हणून बिबवेवाडीला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला गेलो. तेव्हा रिक्षावाले तिकडे यायला कुरकुर करत. मी, माझी बायको आणि आई जिना चढत होतो आणि मालक मागून येत होते. खोल्या दाखवायच्या सोडून हा माणूस आईच्या पायांकडे बघत होता. वर पोचल्यावर त्यांनी तिला विचारलं, "ताई, मनगट कधी मोडलं?"

आईने हात पदराखाली घेतला. दोन वर्षांपूर्वी गोठ्यात पाय सरकून ती हातावर पडली होती. गावातल्याच एकाने बांधलं, ते थोडं वाकडं जुळलं, एवढीच त्या मनगटाची कथा. मी ती त्यांना सांगितली.

"जुळलं कसं ते सांगितलंत. मोडलं का?"

"सांगितलं ना, घसरली."

"त्या गोठ्यात तुमचे वडीलही कधीतरी घसरले असतील. त्यांचं मोडलं?"

वडील दोनदा घसरले होते. एकदा तर बैलाने ढकललं होतं. काही मोडलं नव्हतं. पण हे परक्या माणसाला सांगायची मला काय गरज? मी विषय डिपॉझिटवर आणला. डिपॉझिट फार नव्हतं, भाडंही बेताचं होतं. मग त्यांनी अट घातली. घरातल्या साठीपुढच्या माणसाने दिवसातून तीन वेळा हा जिना स्वतःच्या पायांनी चढायचा आणि उतरायचा, आणि दर गुढीपाडव्याला खाली येऊन उंची मोजून घ्यायची. मी हसलो. ते हसले नाहीत.

जिन्याच्या तळाशी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. पोरांची उंची लोक दाराच्या चौकटीवर मोजतात, ते आपण सगळेच बघतो. यांनी म्हाताऱ्यांची मोजली होती. गल्लीतले, नात्यातले, आधीच्या भाडेकरूंचे आईवडील, जो साठीपुढचा हाताला लागेल तो. अनवाणी उभं करायचं, टाचा भिंतीला, डोक्यावर सुताराचा गुण्या टेकवायचा आणि रेघ मारायची. बाजूला आद्याक्षर आणि साल. बहुतेकांच्या रेघा वर्षागणिक खाली येत होत्या. कोणाची अर्ध्या बोटाने, कोणाची तीन वर्षांत दोन बोटांनी. त्यांची स्वतःचीही रेघ होती आणि तीही थोडी उतरली होती, ती ते मुद्दाम दाखवायचे.

"पोरगं बोटभर वाढलं तर पेढे वाटता," ते म्हणायचे. "आई दोन बोटं कमी झाली, ती गेली कुठे, हे विचारावंसं वाटत नाही एकालाही?"

ती कुठे गेली हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांची सगळी नोकरी हाडांत गेली होती. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात ते अटेंडंट होते. बेवारस प्रेतं यायची, विद्यार्थ्यांची ती शिकून झाली की हाडं साफ करून, सुकवून, नंबर घालून कपाटात ठेवायची, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना अभ्यासाला द्यायची, हे त्यांचं काम. शाळा सातवीपर्यंत. पण डोळे मिटून मांडीचं हाड हातात दिलं तर बाईचं की पुरुषाचं, तरुणाचं की म्हाताऱ्याचं, हे ते वजनावरून सांगत. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्या पुरुषाचं हाड उचललं की हाड उचलल्यासारखं वाटतं आणि म्हाताऱ्या बाईचं उचललं की हात उगीचच वर जातो. हे ते सांगत तेव्हा त्यांचा हात खरंच थोडा वर जायचा. मग ज्यांना काही कळत नाही अशा सगळ्या जगाला मनातल्या मनात शिव्या देत असावेत असं तोंड करायचे.

त्यातल्या काही बायकांची हाडं मात्र भक्कम असायची. डोक्यावरून पाट्या वाहिलेल्या, शेवटपर्यंत उन्हात राबलेल्या, आणि कुठेतरी बऱ्यापैकी खायला मिळालेल्या. त्यावरून त्यांनी आपलं शास्त्र बसवलं होतं. ऊन, ओझं आणि अन्न. त्यांना हे कोणी शिकवलेलं नव्हतं. पुढे डॉक्टर लोक टीव्हीवर येऊन हेच सांगायला लागले, तेव्हा मी सेट बंद करून टाकत असे.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू एक शब्द होता, 'वयोमानानुसार'. गल्लीतला डॉक्टर म्हाताऱ्या पेशंटच्या बाबतीत हा शब्द फार सढळ हाताने वापरायचा. गुडघे वयोमानानुसार, पाठीला पोक वयोमानानुसार, चक्कर वयोमानानुसार. एकदा आईची पाठ फार दुखत होती म्हणून मी तिला त्याच्याकडे नेलं, आणि मालक न बोलावता बरोबर आले. डॉक्टरने तपासून तोच शब्द काढला. मालकांनी विचारलं, वय हा आजार असेल तर तुम्हालाही तो झालाय, तुम्ही काय घेता? डॉक्टर त्यांना ओळखत होता. पहिल्या वर्षाला असताना हाडांचा संच त्यांच्याच हातून घेऊन गेला होता आणि परत देताना त्यातली एक फासळी कमी भरली होती. तो जरा हसून म्हणाला, "काका, हाडं सुकवणं वेगळं आणि पेशंट बघणं वेगळं. आता आम्हाला बघू द्या."

"बघा ना," मालक म्हणाले. "बघत नाही म्हणून तर आलोय."

मला लाजेने मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. डॉक्टरशी मात्र मी अगदी अदबीने बोलत राहिलो, त्याने दिलेलं मलम आईच्या पाठीला चोळत राहिलो. हे आत्ता लिहितानाही माझे कान तापतात.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने एकदा 'निरोगी वार्धक्य' या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. मालकांनी मला ओढून नेलं. एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे दीड तास बोलले. त्यांनी चरकापासून सुरुवात केली, मध्ये स्वतःच्या परदेशवारीला गेले आणि आनंदी राहा म्हणून थांबले. आभाराच्या आधी मालक उठले आणि म्हणाले, एक छोटा प्रयोग करू. सर्वांनी हात छातीशी बांधून, कशालाही न धरता, खुर्चीतून उभं राहून दाखवा. लोक कौतुकाने सरसावले. निम्म्या लोकांना उठता आलं नाही. एक निवृत्त हेडमास्तर अर्ध्यात उठले आणि धपकन बसले, त्यांची पत्नी हसली आणि मग तिलाही उठता येईना.  मालक म्हणाले, "दीड तास ऐकण्यापेक्षा हे रोज दहा वेळा केलं असतंत तर बरं झालं असतं. मोरीत पडाल तेव्हा चरक येणार नाही उचलायला."

अध्यक्षांनी माइक काढून घेतला. ज्येष्ठांचा अपमान, सभ्यता, संस्कार असं बरंच काही ते बोलले. मग बटाटेवडे आले आणि सगळे बसल्या जागी खायला लागले. त्या मंडळाने मालकांना पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्याच पंचाहत्तरीला शाल द्यायला मात्र दोघे जण आले होते. शाल नको, जिना चढून वर जाऊन या, असं सांगून यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

आईचं आणि त्यांचं भांडण रोजचं. मी आईला पुण्याला आणलं ते तिने आता आराम करावा म्हणून. आयुष्यभर गोठा, शेत, चूल. आता नुसतं बसायचं, असं मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. ऑफिसात चार लोकांना सांगितलं होतं. आणि हे मालक खालून हाका मारणार, "ताई, उतरा. दहाचं ऊन आलंय." आई कुरकुरत उतरायची. पहिल्या पाडव्याला गुण्या डोक्यावर ठेवला तेव्हा ती पदर तोंडावर धरून हसत सुटली होती. "लगीन ठरवायचं हाय का माजं?" पण दुसऱ्या पाडव्याला रेघ बोटभर खाली आली, ती तिने स्वतः पाहिली, आणि त्या दिवशी ती हसली नाही.

त्या दुसऱ्या पाडव्यानंतर मालकांनी तिला खरोखर हातात घेतलं. सकाळी नाचणीची भाकरी. तिळाची चटणी. शेवग्याच्या पाल्याची भाजी, तो पाला ते स्वतः कुठून तरी तोडून आणायचे. दहाच्या उन्हात अर्धा तास हात उघडे टाकून उभं राहायचं. हातात पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन जिना. आणि सकाळ-संध्याकाळ एक-एक पेला दूध.

दुधाचं कळलं तेव्हा मी चकितच झालो. आमच्या घरी तीन म्हशी होत्या. मी दुधावर वाढलोय. पण आईने कधी दूध प्यायल्याचं मला आठवेना. मालकांनी तिला विचारलं तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, डेअरीला घालून उरेल ते गड्यांना आणि पोरांना, बायका कुठं दूध पितात. मालकांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला विसरता येत नाही. त्या तीन म्हशींची शेणं काढणारी, वैरण टाकणारी, धारा काढणारी बाई साठ वर्षं कोऱ्या चहावर राहिली होती, आणि तिचा पदवीधर मुलगा तिचं मनगट का मोडलं म्हणून विचारल्यावर 'घसरली' असं सांगत होता.

तर आई दूध प्यायला लागली. आधी औषधासारखं नाक दाबून, मग गूळ घालून, मग आवडीने. तिचा चेहरा भरला. मिश्री तेवढी ती सोडेना, मालक आले की डबी उशीखाली जायची. तिसऱ्या पाडव्याला गुण्या ठेवला आणि रेघ बरोबर गेल्या वर्षीच्या रेघेवर पडली. मालकांनी दोनदा मोजलं. मग त्यांनी आत जाऊन तिळाची एक वडी आणून आईच्या हातावर ठेवली आणि दार लावून घेतलं. मला वाटतं त्यांना भरून आलं होतं. इतकी वर्षं तो माणूस भिंतीवर रेघा मारत होता आणि त्याच्या सांगण्यावरून थांबलेली ती पहिलीच रेघ असावी.

त्याच वर्षी आषाढी एकादशीला आईने नेम धरला.

माझं नाव बढतीच्या यादीत होतं. आधी दोनदा मला डावलून खालच्या माणसाला वर घेतलं होतं, आणि मी घरी येऊन जेवताना रोज तेच उगाळत असे. आई ऐकत असायची. एकादशीच्या दिवशी तिने संकल्प सोडला की चार महिने दूध-दुभतं बंद आणि दिवसातून एकदाच जेवण. तिने फक्त माझ्या बायकोला सांगितलं. बायकोने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणजे मला पहिल्यापासून माहीत होतं. हे मी मालकांपासून लपवलं होतं, आज इथे लपवत नाही.

महिनाभराने आई दहाच्या उन्हाला खाली जायची बंद झाली. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायची. मालक वर आले. ती कोरा चहा पीत होती.

"ताई, चहा कोरा का?"

"नेम हाय."

"कशाचा?"

तिने सांगितलं. कोणासाठी ते विचारल्यावर माझ्याकडे बघून हसली. मालक खाली बसले. दुसऱ्याच्या घरात मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी शांतपणे तडजोड काढायचा प्रयत्न केला. चार महिने काही सोडायचंच तर मिश्री सोडा, देवाला मी जाब देतो, म्हणाले.

"मिश्री सोडून देव पावतो व्हय?" आई म्हणाली. "आवडीचं सोडावं लागतं, मालक."

"आणि दूध तुम्हाला आवडतं? साठ वर्षं तर चाखलं नव्हतंत."

"नव्हतंच की. तुमीच लावलंसा. आता गोडी लागली. म्हनून तर सोडलं."

  वर्षभर खपून त्यांनी तिला एक गोष्ट आवडायला लावली, आणि आवडायला लागली म्हणून तिने ती देवाला देऊन टाकली. नाही तर तिच्याकडे आवडीचं असं सोडण्याजोगं दुसरं होतं तरी काय?

ते उठून गॅलरीत आले, मला बाहेर बोलावलं. नेम तुमच्यासाठी आहे तेव्हा तुम्हीच तो मोडू शकता, म्हणाले. आत जा आणि सांगा की मला ही बढती नको, मला तू चालती-फिरती हवीस.

मी म्हणालो, तिच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. या वयात तिचं मन कशाला मोडायचं. आणि आता तीन महिने तर राहिलेत.

"तुमचा विश्वास आहे या नेमावर?"

"माझा नाही."

"नसता तर एव्हाना आत जाऊन दूध पाजलं असतंत तिला."

मी चिडलो. आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही पडू नका, असं त्यांना सरळ बोललो. ते गेले. पण त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. ऑफिसात मी देवाधर्माची टिंगल करणारा माणूस होतो. सत्यनारायणाच्या वर्गणीवरून मी वाद घालत असे. आणि तरीही त्या तीन महिन्यांत मला वाटत होतं की आता अर्ध्यात नेम मोडला आणि यादीतून नाव गेलं तर? नेमाने बढती मिळते असं मी मानत नव्हतो. पण नेम मोडल्याने जाईल अशी मला भीती वाटत होती. आईने उपाशी राहावं असं मला वाटत नव्हतं. पण ती राहतेच आहे तर पूर्ण होऊ दे, असं वाटत होतं. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला याबद्दल कसली शिक्षा द्यावी मला कळत नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आई देवापुढून उठली, वळली आणि पडली. कोरडी, सपाट फरशी. पाय कशात अडकला नव्हता. खाली आवाज गेला आणि मालक माझ्याआधी तिच्यापाशी पोचले. मी तिला उचलायला वाकलो तर त्यांनी माझा हात झटकला. तिचं उजवं पाऊल बाहेर वळलं होतं आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. त्यांनी नुसतं त्या पावलाकडे बघितलं आणि म्हणाले, खुबा गेला. त्यांनीच लाकडी फळी आणली, शेजारच्यांना हाका मारल्या, तिला हलू न देता जिन्यावरून उतरवलं.

खुब्यात पट्टी बसवली. सर्जनने बाहेर येऊन सांगितलं की हाड इतकं ठिसूळ आहे की स्क्रू धरेना, आणि पुढे म्हणाला, वयोमानानुसार. मालक माझ्या शेजारीच उभे होते. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

सर्जनने हेही सांगितलं होतं की जितक्या लवकर उभी राहील तितकी चालेल, नाही तर पडूनच राहील. पोटभर खाऊ घाला, दूध द्या, डाळी द्या, अंगात ताकद आणा. आई दवाखान्याच्या खाटेवरही एकदाच जेवत होती आणि दुधाचा पेला परत पाठवत होती. नर्स वैतागायच्या. घरी आणल्यावर मालक रोज दहाला वर यायचे. नेमात बसेल असं जे जे असेल ते आणायचे, शेंगदाणे, राजगिरा, पाण्यातली नाचणीची पेज. एका जेवणात जाऊन जाऊन किती जाणार. तिला खाटेच्या कडेला बसवून पाय हलवायला लावायचे, मग दोन्ही हात धरून उभं करायचे. तिच्या मांड्या थरथरायच्या आणि ती खाली बसायची. पुन्हा उठवायचे, पुन्हा बसायची. ते माझ्याशी बोलत नसत. बायकोला फक्त विचारायचे, कार्तिकी एकादशीला अजून किती दिवस?

आई त्यानंतर दीड वर्ष जगली आणि त्यात एकही पाऊल तिने स्वतःच्या बळावर टाकलं नाही. तीन महिन्यांच्या उपासाने खुबा मोडला असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही, आणि मालकही म्हणत नसत. साठ वर्षं लागली होती त्याला. पण थांबलेली गोष्ट पुन्हा चालू झाली ती माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्यासाठी.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात बढतीची ऑर्डर निघाली. कागद मी चार वेळा वाचला. मंडईजवळून पेढ्यांचा डबा घेतला, अर्धा ऑफिसात वाटला आणि उरलेला घेऊन घरी आलो. मालक आईचे दोन्ही हात धरून तिला उभं करायच्या खटपटीत होते. मी दारातूनच सांगितलं. त्यांनी तिला हळूच खाटेवर टेकवलं. आईचा चेहरा असा उजळला की तो मला आजही नीट आठवतो, आणि आठवू नये असं वाटतं.

"बगा," ती मालकांना म्हणाली, "पावला का न्हाई?"

मी बायकोला पेढा दिला, मालकांच्या हातावर एक ठेवला, आणि एक घेऊन आईच्या तोंडापाशी नेला. तिने मान मागे घेतली.

"मला नगं. दुधाचं हायती ना ते? नेमाचं चार दिस ऱ्हायल्यात अजून."

बढती मिळाली होती. कागद माझ्या खिशात होता. आता भिण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. मालक माझ्याकडे बघत होते. मी काय बोलतो याची ते वाट बघतायत हे मला कळत होतं. बायकोही बघत होती. 

"बरं," मी आईला म्हणालो, "चार दिवसांनी घे मग."

मालकांनी हातावरचा पेढा पुन्हा डब्यात ठेवला आणि ते जिना उतरून गेले.